एका क्रियापदाचा वाक्यात उपयोग

दादा,

तुझ्या शाळेचे माजी विद्यार्थी तुझ्यावर स्मरणिका काढताहेत आणि धाकटा भाऊ म्हणून माझ्याकडे त्यांनी चार पानं मागितली आहेत. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, सत्कार हे इतर लोक लिहिणार आहेत, तुम्ही फक्त आठवणी लिहा, असं त्यांनी मला बजावलं. आठवणी गोडच असाव्यात असं ते म्हणाले नाहीत, पण बोलण्याचा सूर तसा होता. मला गोड लिहिता येणार नाही. मी पेणला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघणारा माणूस आहे. जमेचं जमेला लिहावं आणि नावेचं नावे लिहावं, एवढंच मला येतं. त्यांना छापायचं नसेल तर नाही छापणार.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी जनूकाका माझ्या ओटीवर आले. गावकीने आमचं घर वाळीत टाकल्यापासून गावकीच्या या प्रमुखाने माझ्या ओटीला पाय लावला नव्हता. ते बसले, माझ्या बायकोने, मंदाने, आणलेलं पाणी प्यायले, आणि मग म्हणाले की मास्तरांच्या तेराव्याला जेवणं झाली की गावकी तिथेच मास्तरांच्या अंगणात बसेल आणि तुझं घर परत आत घेईल. दंड नाही, माफी नाही. "तू फकस्त काय बोलू नको, रघुनाथ. बांधाचं नाव काढू नको." मी विचारलं, हे एकदम कसं सुचलं? तेव्हा ते म्हणाले, हॉस्पिटलात भेटायला गेलो होतो, तवा मास्तरांनी माझा हात धरून मागून घेतलं. रघू बोलणार नाही याची हमी मी देतो, असं सोत्ता म्हणाले.

माझ्या गप्प बसण्याची हमी तू दिलीस, दादा. मला न विचारता. आणि दारामागे मंदा उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तेराव्यापर्यंत मला ठरवायचं होतं, बसायचं की उठायचं. बसलो तर मंदाला तिचं गाव परत मिळणार होतं आणि तुझा शब्द राहणार होता.

अशा बसण्याला इंग्रजीत एक क्रियापद आहे. ते मला तूच शिकवलंस.

शाळेच्या फाटकाशी सुविचारांचा एक फळा होता. तू रुजू झालास आणि सुविचार बंद करून दर सोमवारी तिथे इंग्रजीतलं एखादं सहसा न आढळणारं क्रियापद लिहायला लागलास. खाली मराठीत अर्थ, त्याखाली 'वाक्यात उपयोग करा'. हेडमास्तरांनी विचारलं, सुविचारांनी तुमचं काय वाकडं केलं? तू म्हणालास, सुविचार वाचून कुणी सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही, क्रियापद निदान परीक्षेत येतं. अवघड नामं पाठ करणाऱ्या मुलांचं तुला कौतुक नव्हतं. नामं म्हणजे नुसतं सामान, माणूस काय करतो ते क्रियापदात कळतं, असं तू म्हणायचास.

ॲक्विएस हे त्यातलंच एक. मी तेव्हा पेणच्या कॉलेजात होतो. रविवारी दुपारी आई कोळंबी सोलत बसली होती आणि तू उद्याच्या फळ्यासाठी अर्थ जुळवत होतास. एका शब्दात बसेना. मी म्हटलं, गप्प बसणं. तू म्हणालास, गप्प तर रुसलेला माणूसही बसतो, त्याचा नकारच असतो. मग संमती देणं? संमती देणारा तोंडाने हो म्हणतो, हा म्हणत नाही. मान तुकवणं? त्याला समोर कुणीतरी दांडगा लागतो, इथे दांडगा असायलाच पाहिजे असं काही नाही. आईने कोळंबीवरची नजर न काढता सुचवलं, "मंग चालवून घेनं म्हन." ते तुला आवडलं. पण तू म्हणालास, आई, चालवून घेणारा निदान कुरकुर करतो.

"मंग तुझा हा मानूस करतो तरी काय?"

"काही करत नाही. ते आपोआप झालेलं असतं."

शेवटी तू फळ्यावर लिहिलंस: मनात नको असताना, न बोलता, एखादी गोष्ट होऊ देणे. आणि मला वेगळं समजावलंस की ॲग्रीच्या पुढे टू किंवा विथ येतं, पण ॲक्विएसच्या पुढे इन येतं, जणू माणूस त्या गोष्टीच्या आत जाऊन बसतो. लॅटिनमध्ये मूळ धातूचा अर्थ विसावणं असा आहे, क्वाएट हा शब्दही त्याच घराण्यातला. आई हसली. "विसावतो? मंग लबाडच हाय तो." पुढच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने वाक्य केलं, माझे आजोबा आजीच्या स्वयंपाकात ॲक्विएस करतात. तू ते घरी येऊन तीनदा सांगितलंस. तेव्हा मला तुझ्यासारखं हसणारं दुसरं कुणी ठाऊक नव्हतं.

जमेच्या बाजूचं लिहायचं तर हे आधी लिहायला हवं. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. तुला मुंबईच्या एका कॉलेजात शिकवायची जागा मिळत होती. रेवसला लाँचमध्ये बसलास की भाऊचा धक्का, पुढे सगळा मुलूख मोकळा. तू गेला नाहीस. आईला आणि मला सोडून जाणार नाही, एवढंच म्हणालास आणि गावाजवळच्या शाळेत राहिलास. माझं कॉलेज, माझी नोकरी, माझं लग्न, या सगळ्याला तुझं ते न जाणं कारण आहे. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरलो असतो तर पुढचं लिहिणं सोपं गेलं असतं.

आपल्या खारेपाटात खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध असतो. बांधाला भगदाड पडलं की आपण खांड गेली म्हणतो. काही वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या उधाणात खांड गेली अशी हाकाटी झाली आणि खालची सगळी शेतं खाऱ्या पाण्याखाली आली, आपलं सामाईक शेतही. सकाळी आपण दोघं बघायला गेलो. मी सवयीने टेप बरोबर घेतला होता, त्याचं दुसरं टोक तू धरलंस. खांड वर सात फूट रुंद होती आणि खालीही सात फूट. पाण्याच्या जोराने गेलेली खांड वर फाकते, तिच्या कडा ढासळतात आणि माती वाहत शेतात जाते. इथे कडा फावड्याने तासल्यासारख्या सरळ होत्या, आणि माती बांधावरच दोन्ही बाजूंना रचलेली होती. तू ती चपलेने चाचपलीस आणि म्हणालास, "रघू, हा बांध फुटलेला नाही. कापलाय."

हे मी जसंच्या तसं लिहितो आहे. कारण त्या वाक्याकडे तू पुन्हा कधी फिरकला नाहीस.

कोळंबीचा एक व्यापारी खालची जमीन तळ्यांसाठी मागत होता. भात पिकत असताना कुणी जमीन देत नव्हतं. एकदा खारं पाणी बसलं की पुढची काही वर्षं भात येत नाही, मग शेतकरी आपणहून देतो. गावकीतल्या दोघाचौघांनी हे जमवलं होतं. बाकीच्यांना त्यांनी असं पटवलं की झालं ते झालं, आता तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा सगळ्यांनी एकच सांगायचं, बांध उधाणात फुटला. नुकसानभरपाई मिळेल आणि तळ्याचं भाडंही. ज्या विधवांची आणि मुंबईला असलेल्यांची शेतं होती त्यांना कुणी विचारलं नाही.

आपल्या गावकीत हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळे देवळात बसतात, मध्ये नारळ ठेवतात. जनूकाका ठराव सांगतात आणि तीनदा विचारतात, "कुनाचं काय म्हननं हाय?" ज्याचं असेल त्याने उठायचं. तिसऱ्यांदा विचारूनही कुणी उठलं नाही तर नारळ फुटतो आणि प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा येतो. तो खाल्ला की ठराव तुमचा.

त्या दिवशी मी पहिल्याच विचारण्याला उठलो. माप सांगितलं, मातीचं सांगितलं, मी खोटं लिहून देणार नाही हेही सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, हा देवाला नैवेद्य पण वजन करून दाखवतो. सगळे हसले, मीही हसलो असतो. मग जनूकाका तुझ्याकडे वळले. मास्तर, तुम्ही पण बांधावर गेला होता ना, असं त्यांनी अगदी आदराने विचारलं. त्यांना खरोखर तुझी भीती होती. अर्ध्या गावाला तू शिकवलेलं होतंस. तू उठला असतास तर तो नारळ त्या दिवशी फुटला नसता, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. बसलेल्यांत तुझे विद्यार्थी किती होते ते मी मनात मोजलं होतं, निम्म्याहून जास्त होते.

तू चष्मा काढलास आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागलास. दुसऱ्यांदा विचारलं, तू पुसतच होतास. तिसऱ्यांदा विचारलं. नारळ फुटला. तुझ्या हातावर तुकडा आला आणि तू तो तोंडात टाकलास.

मी तलाठ्यांना खरं ते लिहून दिलं. भरपाई अडकली. पुढच्या बैठकीत माझं घर वाळीत पडलं. त्या बैठकीला मला बोलावणं नव्हतं. तुला होतं. तू गेलास आणि तिथूनही तोंड गोड करूनच आलास.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे स्मरणिका वाचणाऱ्या शहरातल्या लोकांसाठी सांगतो. कुणी मारत नाही, शिवी देत नाही. तुमच्याशी बोलणाऱ्याला दंड असतो, त्यामुळे कुणी बोलत नाही, बस. वाण्याला नेमकं आमच्या वेळी सामान संपलेलं असायचं. मी सकाळी पेणला जायचो, ऑफिसात दिवसभर लोकांशी बोलून यायचो. मंदा घरात. ज्या बायकांबरोबर ती पंधरा-वीस वर्षं लावणीला गेली, पापड लाटायला बसली, त्या तिला पाहून पाणवठ्यावरून हंडा अर्धा भरून निघून जायच्या. सणाला पुरणपोळी केली तर द्यायला घर नाही. ती रेडिओशी बोलायला लागली होती. बातम्या सांगणाऱ्या बाईला म्हणायची, "व्हय का? मंग पुढं काय झालं?" मला वाटायचं गंमत करते. गंमत नव्हती.

या बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. मी तक्रार लिहून तयार ठेवली होती. तू निरोप पाठवलास, केस करू नको, गाव कायमचं तुटेल, मी बघतो. मी थांबलो. तू बघत राहिलास.

आपल्या दोन घरांच्या मागच्या अंगणांमध्ये एकच भिंत. तुझ्या खोकल्यावरून तू कुठल्या खोलीत आहेस ते मला कळायचं. अंधार पडायला लागला की भिंतीवरून तुझ्याकडची पपई यायची, कधी वहिनींनी केलेली तांदळाची भाकरी फडक्यात बांधून. शब्द यायचा नाही. मंदा भाकरी घ्यायची आणि रिकामं फडकं धुऊन परत भिंतीवर टाकायची.

गावात तू मला ओळखत नव्हतास आणि पेणला माझा भाऊ होतास. शनिवारी दुपारी ऑफिस सुटायच्या वेळेला तू एस.टी.ने यायचास आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात आपण बसायचो. तू माझ्यासाठी खिडकीजवळची जागा सोडायचास. माझ्या पाठीचं दुखणं विचारायचास, तुझ्या मुलीच्या, मेधाच्या, नोकरीचं सांगायचास. परत जाताना मात्र पुढच्या गाडीने येतो म्हणायचास, म्हणजे आपण एका गाडीतून गावात उतरायला नको. अशाच एका शनिवारी मी तुला स्पष्ट विचारलं. तू म्हणालास, "रघू, मी त्यांच्याशी सहमत नव्हतो. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही."

तू गावात राहायचं असतं, मेधाचं लग्न व्हायचंय, असं काहीसं बोललास. मी म्हटलं, दादा, ॲक्विएस. वाक्यात उपयोग करून दाखव. वर्गातल्या मुलाला सांगतात तसं म्हटलं, मुद्दाम. तू चहात चमचा फिरवत म्हणालास की तो शब्द मला वाटतो इतका वाईट नाही, त्याच्या मुळाशी विसावा आहे, दमलेला माणूस कुठेतरी विसावणारच. मी अर्धा चहा टाकून उठलो. पुढच्या शनिवारी तू माझ्यासाठी वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आलास आणि आपण पुन्हा पाठीच्या दुखण्यावर बोललो. तो वाद तिथेच राहिला.

त्या दिवशी सुचलं नाही ते आता सांगतो. फळ्यावरच्या तुझ्या अर्थात फक्त विसावणारा माणूस होता. त्याच्या विसाव्याचा भार कुणावर पडतो ते तू लिहिलं नव्हतंस. मंदा त्या वाक्यात कुठेच नव्हती. इतका काटेकोर मास्तर तू, स्पेलिंग चुकलं तर मुलाला फळ्यापर्यंत चालवत नेणारा, आणि अर्ध्या अर्थावर तू समाधान मानलंस.

तुला पनवेलच्या हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा मी ऑफिसातून परस्पर येत होतो. गावाबाहेर असल्यामुळे तुला माझ्याशी बोलायची मोकळीक होती. एकदा तू माझं मनगट धरून म्हणालास, "रघू, जनूकाकांशी माझं..." आणि नर्स सलाईन बदलायला आली. ती गेल्यावर तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोप लागली. आता वाटतं, लागली नव्हती.

तू गेलास त्या दिवशी अंगणात सगळं गाव जमलं. तुझ्या विद्यार्थ्यांनी तिरडी बांधली. मी पुढे झालो तेव्हा एकाने हात जोडून सांगितलं, काका, तुम्ही खांदा दिलात तर आम्हाला आमचा काढून घ्यावा लागेल, मास्तरांचे हाल नका करू. तो खरंच रडत होता. मी मागे सरलो. मेधाने अग्नी दिला. ती वळून वळून बघत होती, काका कुठे आहेत म्हणून विचारत होती असं नंतर कळलं. मी बांधावर उभा होतो, खाडीच्या बाजूला. धूर दिसला, माणसं नीट दिसली नाहीत.

त्यानंतर जनूकाका आले, ते वर लिहिलंच आहे.  दुसऱ्या दिवशी मंदाने ट्रंकेतली चांगली साडी काढून उन्हात घातली. संध्याकाळी घडी करताना म्हणाली, "अहो, एकदा गप्प बसलात तर काय बिघडंल? भावजी तर जल्मभर बसले." तिने टोमणा मारला नव्हता. ती विनवत होती. या बाईने माझ्या सात फुटांसाठी स्वतःची सगळी माणसं घालवली होती आणि एकदाही मला बोल लावला नव्हता. मी तिला म्हटलं, बघतो. तुझाच शब्द.

तेराव्याला जेवणं झाली. मला पंगतीत बसवलं, मंदाला बायकांत. दोघीतिघी तिच्याशी बोलल्यासुद्धा, अजून नारळ फुटला नव्हता तरी. मांडवात गावकी बसली. जनूकाकांनी ठराव सांगितला: बांध उधाणानं फुटला व्हता हे सगळ्यांनी मान्य केलेलं हाय, रघुनाथचा गैरसमज झाला व्हता, मास्तरांच्या इच्छेखातर त्याचं घर आत घ्यायचं. कुनाचं काय म्हननं हाय?

मी बसून राहिलो.

दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हाही बसून राहिलो. आणि तुझ्या त्या शब्दाच्या मुळाशी विसावा आहे हे खरं, दादा. खांदे सैल पडले. पोटात ऊन भात गेल्यासारखं वाटलं. समोर सगळी ओळखीची तोंडं होती, कुणी माझ्याकडे रागाने बघत नव्हतं. मला पुढचं सगळं वर्ष दिसलं, मंदा हळदीकुंकवाला चाललेली, वाणी पुडी बांधतो आहे, बसमध्ये कुणीतरी सरकून जागा देतंय. कुणी माझ्यावर जबरदस्ती करत नव्हतं. मला काही करायचंच नव्हतं. ते आपोआप होणार होतं. तू त्या देवळात कशाच्या आत बसला होतास ते मला तिथे पहिल्यांदा कळलं, आणि तुझी दयाही आली. पण राग गेला नाही. आपण एवढ्या सुखात बसलोय हे माहीत असूनही तू शनिवारी येऊन वालाच्या शेंगांवर माझी बोळवण करत होतास.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठलो. फार बोललो नाही. "बांध कापला होता. गैरसमज झालेला नाही. हे धरून आत घेणार असाल तर घ्या." मंदाकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

कुणी ओरडलं नाही. जनूकाकांनी मान हलवली, मास्तरांचा शबुद पाण्यात घातलास म्हणाले, आणि नारळ पिशवीत ठेवायला वाकले. वाकता वाकता रीत म्हणून विचारलं, आणखी कुनाचं काय? उत्तर येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी बाहेर आल्या. गावकीत बाई बोललेली मी तरी कधी पाहिलेली नाही. जनूकाका म्हणाले, वहिनी, तुमी आत जा, हितं गावकी बसलीय.

"गावकी माझ्या अंगनात बसलीय," वहिनी म्हणाल्या. "हे घरात रोज बोलायचे. बांध कापला, आमी गप बसलो, रघूला एकटा पाडला. रोज. जेवताना सुद्धा. बाहेर बोलले न्हाईत. मी बोलते. बांध कापलाय."

एवढं बोलून त्या आत गेल्या. माणसं एकेक करून उठली. तुझा तो रडणारा विद्यार्थी माझ्यासमोरून गेला, थांबल्यासारखा झाला आणि गेला.

तर तू रोज बोलत होतास. भिंतीपलीकडे, जेवताना. मला पलीकडे तुझा खोकला ऐकू येत होता आणि हे ऐकू आलं नाही. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त लागलं. तुझं तोंड बंद होतं असं मी समजत होतो. तू ते फक्त दाराशी येऊन बंद करत होतास.

त्या रात्री मंदा माझ्याशी बोलली नाही. सकाळीही नाही. तिची साडी घडी न करता खुंटीवर तशीच होती. दहाच्या सुमाराला मागच्या अंगणात आवाज झाला म्हणून मी पाहिलं. वहिनी विळी आणि टोपलीभर मेथी घेऊन आल्या होत्या. वाण्याने त्यांना सकाळी तेल दिलं नव्हतं. त्यांनी मंदाला तेल मागितलं. मंदाने बाटली भरून दिली आणि उभीच राहिली. मग वहिनी पायरीवर बसल्या, मंदाला म्हणाल्या, बस की, का मला एकटीला निवडायला लावतेस? मंदा बसली. किती वेळ दोघी बसल्या होत्या मी मोजलं नाही. मेथी संपली तरी बसल्या होत्या. मंदा बोलत होती, न थांबता, एवढी वर्षं साठलेलं सगळं, कुठल्या बाईने कुठल्या वळणावर तोंड फिरवलं इथपर्यंत, आणि वहिनी मध्ये मध्ये म्हणत होत्या, मंग? पुढं?

मंदाला गाव परत मिळालं नाही. जाऊ परत मिळाली.

मधली भिंत कमरेएवढीच आहे, दादा. वहिनी त्या दिवशी तिला वळसा घालून आल्या, चालत, भर सकाळी. तुलाही तेवढंच यायचं होतं.